कुऱ्हाडीचा दांडा : एरिक गेडिस आणि १९२२ ची काटकसर

मे १९२१ मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने सगळ्या सरकारी खात्यांना एक परिपत्रक धाडलं. पुढच्या वर्षीचा खर्च सुमारे एक पंचमांशाने उतरवायचा आहे, तुम्ही किती उतरवाल ते कळवा, असा त्याचा मतलब. उत्तरं यायची तशीच आली. आमच्याकडे कापण्यासारखं काही उरलेलं नाही, शेजारच्या खात्यात मात्र भरपूर आहे, हे उत्तर कुठल्याही देशातल्या, कुठल्याही काळातल्या कचेरीत मिळेल. हिशेब जुळायला साडेसतरा कोटी पौंड लागत होते. खात्यांनी रडतखडत साडेसात कोटी दाखवले. उरलेल्या दहा कोटींसाठी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी ऑगस्टमध्ये पाच जणांची समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद सर एरिक गेडिस या रेल्वेवाल्याकडे दिलं.

या समितीने पुढच्या सहा-सात महिन्यांत जे केलं ते ब्रिटनच्या इतिहासात ‘गेडिसची कुऱ्हाड’ या नावाने नोंदलं गेलं. मंदी आली, तूट वाढली की हे नाव आजही तिकडच्या वर्तमानपत्रांत डोकं वर काढतं. धंदा सांभाळणारा माणूस सरकारही सांभाळेल, ही समजूत आपल्याकडेही अधूनमधून उफाळून येते. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहायला हवं. नावातच एक गोम आहे. कुऱ्हाड गेडिसची म्हणतात खरी, पण तिचा दांडा कोणाच्या हातात होता?

आधी माणूस पाहू. एरिक कॅम्पबेल गेडिसचा जन्म १८७५ चा, आग्र्याचा. वडील हिंदुस्थानात काम करणारे स्कॉटिश इंजिनिअर. पोरगा शाळेत टिकेना. सतराव्या वर्षी अमेरिकेत गेला, तिथे रेमिंग्टनचे टाइपरायटर विकले, कार्नेगीच्या पोलाद कारखान्यात मजुरी केली, रेल्वेच्या यार्डात राबला. मग परत हिंदुस्थानात आला आणि इथल्या छोट्या रेल्वेमार्गांवर धंद्याची अक्षरं गिरवली. रोहिलखंड-कुमाऊँ रेल्वेत तो वाहतूक अधीक्षक झाला. १९०४ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत शिरला आणि १९११ पर्यंत तिथला उपमहाव्यवस्थापक बनला.

या कंपनीबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण गेडिसचं डोकं तिथे घडलं. इतर ब्रिटिश रेल्वे कंपन्या किती गाड्या किती मैल धावल्या एवढंच मोजत. अर्धी रिकामी गाडी धावली तरी तिचे मैल वहीत चढायचे. नॉर्थ ईस्टर्नने टन-मैल मोजायला सुरुवात केली. किती टन माल किती मैल गेला, त्यासाठी किती डबे लागले, ते भरलेले होते की हवा वाहत होते? एकदा हा आकडा हाती आला की कुठल्या स्टेशनचा मास्तर झोपलाय ते मुख्यालयात बसून कळतं. त्या कंपनीत आकडेवारीचं काम पाहणारा जॉर्ज बेहरेल गेडिसने पुढे आयुष्यभर सोबत ठेवला. दारूगोळा खातं, फ्रान्समधली रेल्वे, नौदल, वाहतूक मंत्रालय, शेवटी डनलॉप कंपनी, जिथे गेडिस तिथे बेहरेल. साहेबापाठोपाठ त्याचा हिशेबनीस चालत राहिला.

१९१५ मध्ये लॉइड जॉर्ज दारूगोळा मंत्री झाले. पहिलं महायुद्ध चालू होतं, आघाडीवर तोफगोळे पुरत नव्हते आणि त्यांना धडाडीची माणसं हवी होती. गेडिसने दारूगोळ्यातलं आपल्याला काही कळत नाही हे कबूल केलं, पण कामं तडीला नेण्याची हातोटी आहे, असंही सांगितलं. त्याला खातं मिळालं. मशीनगनचा किस्सा त्याच दिवसांतला. किती मशीनगन लागतील याचं पक्कं उत्तर युद्धखात्यात कोणी देईना. गेडिस थेट युद्धमंत्री लॉर्ड किचनेरसमोर जाऊन बसला आणि आकडा लिहून घेतला: दर बटालियनला कमीत कमी दोन, जास्तीत जास्त चार, त्यापुढे चैन. लॉइड जॉर्ज यांनी तो कागद पाहिला आणि सांगितलं, किचनेरच्या चाराचा वर्ग करा, त्याची दुप्पट करा, आणि तिथवर पोचत आलात की शुभशकुन म्हणून आणखी दुप्पट करा. चाराचे चौसष्ट झाले.

हा किस्सा बहुतेक वेळा सेनापतींच्या मठ्ठपणावर हसण्यासाठी सांगतात. मला त्यात दुसरंच काही दिसतं. चाराचे चौसष्ट करण्याचा निर्णय गेडिसचा नव्हता. त्याने सेनापतीकडून सही आणली, आकडा पुढाऱ्यापुढे ठेवला, पुढाऱ्याने जोखीम उचलली, आणि मग गेडिसने त्या चौसष्टांसाठी कारखाने हलवले. ‘किती’ हे ठरवणारा एक आणि ‘कसं’ हे पाहणारा दुसरा अशी वाटणी असेपर्यंत हा माणूस अजोड होता.

१९१६ मध्ये फ्रान्समध्येही तेच झालं. बंदरांत माल साचला होता, आघाडीवर गोळे पोचत नव्हते. तिथले ब्रिटिश सरसेनापती हेग यांच्या मुख्यालयात गेडिस गेला, त्याने डबे मोजले, बंदरं मोजली, खडीचे ढीग मोजले आणि आघाडीपर्यंत अरुंद रुळांचं जाळं विणायला घेतलं. बिनलष्करी माणसाला लष्करात हुकूम देता यावेत म्हणून त्याला मेजर-जनरल करण्यात आलं. १९१७ च्या मे महिन्यात नौदलाची जहाजबांधणी त्याच्याकडे आली, तेव्हा व्हाइस-ॲडमिरल. दोन्ही गणवेश मिळालेला रेल्वेचा व्यवस्थापक मला तरी दुसरा माहीत नाही. जुलैमध्ये तो नौदलमंत्री झाला. मंत्र्याला संसदेत जागा लागते, म्हणून केंब्रिजच्या पोटनिवडणुकीतून खासदार. इतका उलटा प्रवास: आधी खुर्ची, मग मतदार.

नौदलात त्याने नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबर १९१७ ला, नौसेनाप्रमुख ॲडमिरल जेलिको यांना पत्र पाठवून घरी बसवलं. निर्णय बरोबर की चूक यावर आजही वाद होतो. वेळेबद्दल मात्र नौदलाने त्याला कधी माफ केलं नाही.

राजकारणाची भाषा त्याला येत नव्हती असं म्हणता येणार नाही. ती फारच लवकर आली. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत केंब्रिजच्या सभेत त्याने सांगितलं की जर्मनीला लिंबासारखं पिळून काढू, बिया किंचाळेपर्यंत. शंका पिळण्याच्या जोराबद्दल नाही, लिंबात रस किती उरलाय याबद्दल आहे, असंही तो त्याच दमात बोलून गेला होता. म्हणजे हिशेबनीस जागा होता. पण लोकांनी बिया लक्षात ठेवल्या, रस विसरले.

१९१९ मध्ये तो ब्रिटनचा पहिला वाहतूकमंत्री झाला. नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने त्याचा हिशेब पुरा करताना ५०,००० पौंड दिले होते, आणि आता हाच माणूस सगळ्या रेल्वे कंपन्यांचं भवितव्य ठरवणार होता. संसदेत प्रश्न विचारले गेले, ते विचारले जायलाच हवे होते. मंत्री म्हणून त्याचं मोठं काम म्हणजे १९२१ चा रेल्वे कायदा. सव्वाशेच्या आसपास कंपन्यांच्या जागी १९२३ पासून चार मोठ्या कंपन्या आल्या. पण तोवर वर्तमानपत्रांनी वाहतूक मंत्रालयालाच सरकारी उधळपट्टीचं प्रतीक करून टाकलं होतं. भारी पगाराचे अधिकारी, मोठी कचेरी, आणि वर एक धंदेवाला. काटकसरीच्या समितीवर बसण्याआधी गेडिस स्वतःच काटकसरवाल्यांच्या निशाण्यावर होता.

आता मूळ पेचाकडे येऊ. युद्धाआधी सरकारचा वर्षाचा खर्च २० कोटी पौंडांच्या आत होता. राष्ट्रीय कर्ज ६५ कोटींच्या घरात होतं, ते युद्धानंतर साडेसातशे कोटींच्या आसपास गेलं. त्याचं व्याज दरवर्षी भरणं भागच होतं. पौंडाला सहा शिलिंग प्राप्तिकर, म्हणजे तीस टक्के. दुसरीकडे १९१८ मध्ये लॉइड जॉर्ज यांनी रणवीरांना शोभेल असा देश घडवण्याचं वचन दिलं होतं आणि त्यापोटी घरबांधणी, शिक्षण, बेकारी विमा असा खर्च वाढवला होता. १९२० च्या अखेरीस मंदी आली, १९२१ मध्ये बेकारांचा आकडा वीस लाखांवर गेला. वृत्तपत्रमालक लॉर्ड रॉदरमियर यांनी उधळपट्टीविरोधी लीग काढली आणि एकट्या जून १९२१ मध्ये तिच्या बाजूच्या उमेदवारांनी दोन पोटनिवडणुका मारल्या. त्या जागा सरकारला पाठिंबा देणाऱ्या मध्यमवर्गाच्या होत्या. हुजूर पक्षाच्या खासदारांचे धाबे दणाणले.

लॉइड जॉर्ज यांच्यापुढे तीन वाटा होत्या. मंत्रिमंडळाने स्वतः बसून ठरवायचं: शाळा हव्यात की क्रूझर, म्हणजे युद्धनौका? पण हे आघाडीचं सरकार, तो वाद टेबलावर आला की आघाडीच मोडायची. दुसरी वाट अर्थमंत्र्याच्या हाती चाबूक द्यायची, पण सर रॉबर्ट हॉर्न नुकतेच त्या खुर्चीत आले होते आणि चर्चिलसारख्या सहकाऱ्यांपुढे त्यांचा टिकाव लागणं अवघड होतं. तिसरी वाट आपल्या म्हणीतली, पाहुण्याच्या काठीने साप मारायचा.

पाहुणे कोण? गेडिसखेरीज चार जण. पी अँड ओ या जहाज कंपनीचे लॉर्ड इंचकेप, ग्रेट सेंट्रल रेल्वेचे लॉर्ड फॅरिंगडन, जहाजमालक सर जोसेफ मॅक्ले, मिडलँड रेल्वेचे सर गाय ग्रॅनेट. तीन रेल्वेवाले, दोन जहाजवाले. एकही शिक्षक नाही, डॉक्टर नाही, कामगार नाही. धोरण ठरवणं हे मंत्रिमंडळाचं काम, ते बाहेरच्या शेठजींना का द्यायचं, असा आक्षेप संसदेतही निघाला आणि मंत्र्यांतूनही. सरकारचं उत्तर तयार होतं: समिती फक्त सल्ला देणार, धोरण आम्हीच ठरवू. कागदावर हे बरोबर होतं.

नोव्हेंबर १९२१ मध्ये गेडिस मंत्रिपदावरून उतरला. समितीचे तीन अहवाल फेब्रुवारी १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण सूचना ८ कोटी ६७ लाख ५० हजार पौंडांच्या कपातीची. सर्वांत मोठा घाव संरक्षणावर होता: नौदलातून २ कोटी १० लाख, भूदलातून २ कोटी, हवाई दलातून ५५ लाख. नौदलातली ३५ हजार आणि भूदलातली ५० हजार माणसं कमी करा, तिन्ही दलांना एका छत्राखाली आणणारं खातं काढा. ही शेवटची सूचना काळाच्या पुढची होती, तिला त्या वेळी कोणी भीक घातली नाही. शिक्षणावर १ कोटी ८० लाखांची कुऱ्हाड: सहा वर्षांखालच्या मुलांना शाळेत घेऊ नका, वर्गातली मुलं वाढवा, शिक्षकांचे पगार उतरवा आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांच्याकडूनच वर्गणी घ्या.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण मला इथे आठवते. चार वर्षांपूर्वी जो नौदलमंत्री होता त्यानेच नौदलाचे फाटे छाटायला काढले. नौदलही गप्प बसलं नाही. अहवाल बाहेर पडताच नौदल खात्याने स्वतःचं प्रत्युत्तर छापून जाहीर केलं. सरकारने नेमलेल्या समितीला सरकारचंच एक खातं जाहीरपणे खोडून काढतंय, असा तमाशा लोकांनी पाहिला. शिक्षकांकडे तोफा नव्हत्या, पण मतं होती. त्यांच्या संघटनेने रान उठवलं. त्याच फेब्रुवारीत मँचेस्टरमधली क्लेटन आणि लंडनमधली नॉर्थ कँबरवेल या दोन्ही जागा मजूर पक्षाने सरकारपक्षाकडून काढून घेतल्या. आठ महिन्यांपूर्वी पोटनिवडणुका उधळपट्टीविरुद्ध बोलत होत्या, आता काटकसरीविरुद्ध बोलू लागल्या.

आणि इथे दांडा कोणाच्या हातात होता ते उघड झालं. संरक्षण कपातीची छाननी चर्चिल यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिसमितीने केली आणि तिथे बरीच धार बोथट झाली. शिक्षकांची पगारकपात मंत्रिमंडळाने फेटाळली, पाच टक्के वर्गणी मात्र ठेवली. लहान मुलांना शाळाबंदीही टळली. शिक्षणातली सुचवलेली कपात शेवटी एक तृतीयांशाच्या आसपास उरली. एकंदरीत ८ कोटी ६७ लाखांपैकी सुमारे ५ कोटी २० लाखांना मंजुरी मिळाली. मेच्या अंदाजपत्रकात हॉर्न यांनी प्राप्तिकर एक शिलिंगने खाली आणला.

लॉइड जॉर्ज यांच्या बाजूने पाहिलं तर हा डाव साधला. शेठजींनी अघोरी आकडा सांगितला, सरकारने दयाळूपणे तो कमी केला. जे कापलं त्याचा दोष गेडिसला, जे वाचवलं त्याचं श्रेय मंत्रिमंडळाला. पाच कोटींची कपात थेट मंत्रिमंडळाने मांडली असती तर क्रूर वाटली असती. पावणेनऊ कोटींच्या शेजारी ती सौम्य दिसली. भाजीवाल्याशी घासाघीस केलेल्या कोणालाही ही युक्ती नवी नाही.

पण कुऱ्हाड किती खोल गेली? इथे मी थोडा सावध आहे. १९२० नंतर किंमती झपाट्याने घसरत होत्या आणि सरकारी नोकरांचा महागाई भत्ता किंमतींच्या निर्देशांकाला बांधलेला होता, त्यामुळे खर्चाचा एक भाग आपोआपच उतरला असता. ६ फेब्रुवारी १९२२ ला वॉशिंग्टनमध्ये नौदल करार झाला, मोठ्या युद्धनौकांची शर्यत तिथे थांबली. घरबांधणीची महागडी योजना तर समिती नेमण्याआधीच, जुलै १९२१ मध्ये, गुंडाळली होती. तरी बदनामी आणि कौतुक दोन्ही एकट्या गेडिसच्या खात्यावर जमा झालं.

ज्यांच्यावर घाव पडला त्यांना हा हिशेब सांगून उपयोग नव्हता. युद्ध जिंकून आलेल्या तरुण नौदल अधिकाऱ्यांना रांगेने घरी पाठवलं. पुढे हिंदुस्थानचा शेवटचा व्हाइसरॉय झालेला लुई माउंटबॅटन त्या छाटणीतून वाचला. त्याच्या वर्षाचे जवळपास निम्मे अधिकारी वाचले नाहीत. भूदलात १९२२ च्या जुलैअखेर दक्षिण आयर्लंडच्या पलटणी बरखास्त झाल्या. आयर्लंड स्वतंत्र झाल्याचं कारण होतंच, कपातीने घाई केली. त्यातली रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स ही पलटण नावाने आयरिश, पण तिची एक बटालियन म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची जुनी बॉम्बे युरोपियन रेजिमेंट. तिच्या मानचिन्हांत ‘किर्की’ हे नाव होतं. म्हणजे आपली खडकी, ५ नोव्हेंबर १८१७, पेशव्यांविरुद्धची लढाई. पेशवाई बुडवायला आलेली पलटण लंडनच्या काटकसरीत गेली.

या प्रकरणात गेडिस चुकला कुठे? माझ्या मते त्याच्या टन-मैलात. रेल्वेत, बंदरात, कारखान्यात त्या मापाने झोपलेला माणूस सापडतो. शाळेतल्या पाच वर्षांच्या मुलाला टन-मैल नसतो. त्याला शाळेत घ्यायचं की नाही हे हिशेबातून निघत नाही, तो समाजाने आधी करायचा निर्णय आहे. समितीने मात्र दर मुलामागे खर्च काढला, तो युद्धाआधीच्या खर्चाशी ताडून पाहिला आणि फरकाला उधळपट्टी ठरवलं. तो फरक म्हणजे १९१८ च्या शिक्षण कायद्याने मुद्दाम वाढवलेला खर्च होता. किचनेरच्या वेळी ‘किती’ सांगायला लॉइड जॉर्ज होते. या वेळी तेच ‘किती’ त्यांनी गेडिसवर ढकललं. त्याने ते घ्यायला नको होतं, किंवा निदान मंत्रिमंडळाकडून किचनेरसारखी सही तरी घ्यायची होती: शाळा आधी की क्रूझर? तशी सही कोणी दिली नसती, हेही तितकंच खरं.

कुऱ्हाड तिथे थांबली नाही. समितीतले इंचकेप १९२२ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले, इथल्या काटकसर समितीचे अध्यक्ष म्हणून. मुंबईचे पुरुषोत्तमदास ठाकुरदास आणि दादिबा दलाल त्या समितीत होते. १९२३ मध्ये तिने सव्वाएकोणीस कोटी रुपयांच्या आसपास कपात सुचवली, मोठा वाटा लष्कराचा. पण तूट भरण्यासाठी त्याच वर्षी मिठावरचा कर दुप्पट झाला, मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपये. विधिमंडळाने तो नाकारला, व्हाइसरॉय रीडिंग यांनी आपल्या अधिकारात लादला. इथे काठीही पाहुण्याची आणि सापही पाहुण्यानेच ठरवलेला.

गेडिस १९२२ मध्येच खासदारकी सोडून डनलॉप रबर कंपनीत गेला आणि ती कंपनी त्याने सावरली. १९२४ पासून तो इम्पीरियल एअरवेजचाही अध्यक्ष होता. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईच्या जुहूला पहिली टपाल आणली, ती टपाल कराचीपर्यंत त्याच्याच विमान कंपनीने पोचवलेली. मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३७ पर्यंत, दोन्ही खुर्च्या त्याच्याकडे होत्या. लॉइड जॉर्ज यांना ऑक्टोबर १९२२ मध्ये हुजूर खासदारांनी खाली खेचलं. पंतप्रधानपद त्यांना पुन्हा मिळालं नाही.

१९३१ मध्ये मजूर सरकारने तीच युक्ती केली. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या सर जॉर्ज मे यांच्या हाती समिती दिली. ३१ जुलैला अहवाल आला: ९ कोटी ६५ लाखांची कपात, तिचा मोठा भाग बेकारांच्या भत्त्यातून. या वेळी आकडा ऐकून परदेशी सावकार घाबरले, पौंड घसरला, आणि आकडा सौम्य करायला सरकारला वेळच मिळाला नाही. मंत्रिमंडळ भत्त्यावरून फुटलं आणि २४ ऑगस्टला पडलं. सप्टेंबरच्या मध्याला पगारकपात ऐकून स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डनला नौसैनिकांनी जहाजं हलवायला नकार दिला.